साठीनंतरची वारी

पायी वारीला निघते म्हटलं की घरातले, शेजारचे, अगदी रोजचा दूधवालासुद्धा एकच विचारतो, "एवढं चालवेल का?" आळंदी ते पंढरपूर म्हणजे साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. आकडा ऐकूनच माणूस दचकतो. पण साठी ओलांडलेल्या कुणी मला वारीबद्दल विचारलं, तर मी चालण्याबद्दल विचारतच नाही. मी विचारते, जमिनीवर मांडी घालून बसता येतं का? आणि कुणाचा हात न धरता उठता येतं का?

दिंडीत खुर्ची नसते. जेवायला पंगत जमिनीवर, भजनाला बसायचं जमिनीवर, झोपायचं राहुटीत सतरंजीवर. दिवसात पंचवीस-तीस वेळा तरी खाली बसणं आणि उठणं होतं. त्यात भर म्हणजे वारीत भेटेल तो पाया पडतो. विशीतला मुलगा वाकून नमस्कार करतो आणि रिवाज असा, की आपणही लगेच त्याच्या पाया पडायचं. वय, जात, हुद्दा काही आड येत नाही. हे सगळं वाचायला फार सुंदर आहे. प्रत्यक्षात वाकण्याआधी गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागते. फ्लॅटमध्ये डायनिंग टेबल, सोफा, पलंग आणि कमोड यांच्यामध्ये फिरणाऱ्या आपल्या पिढीचं जमिनीशी नातं तुटून दहा-वीस वर्षं झालेली असतात. म्हणून वारीची तयारी बुटांच्या दुकानात सुरू होत नाही, ती घरातल्या फरशीवर सुरू होते. रोज एक जेवण खाली बसून घ्या. आधी भिंतीचा आधार घेऊन उठा, मग एका हाताचा, मग बिनआधाराचं. दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. गुडघे खरंच साथ देत नसतील, तर एक हलकं घडीचं स्टूल बरोबर ठेवा आणि खुशाल पंगतीच्या कडेला बसा. कुणी हसत नाही. मी तर दिंडीच्या विणेकऱ्यांनाही पुलाच्या कठड्यावर टेकलेलं पाहिलंय, अर्थात वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन. वीणा खाली ठेवायची नसते, माणसाने टेकायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट उभं राहण्याची. दिंडी एकसारखी चालत नाही. पालखीच्या रथाच्या पुढे ठरलेल्या दिंड्या, मागे त्याहून कितीतरी जास्त, आणि सगळ्यांचा मिळून एकच रस्ता. पुढे कुठे पालखी दर्शनाला थांबली की मागचे सगळे जागच्या जागी थबकतात. दहा पावलं चालायचं, पाच मिनिटं उभं राहायचं, पुन्हा वीस पावलं. ज्यांनी बागेत रोज सकाळी झपाझप फेऱ्या मारून तयारी केलेली असते, ते इथे सगळ्यात आधी थकतात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलत असतात, नुसतं उभं राहिलं की ते काम मंदावतं. पाय सुजतात, कंबर धरते, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना कधी गरगरतं. उभं राहावं लागलंच तर जागच्या जागी टाचा उचलत राहा. टाळाचा ठेका सुरू असतोच, त्यावर पावली टाकणाऱ्यांना ही युक्ती कुणी शिकवावी लागत नाही. आणि संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या मिळून होणाऱ्या समाजआरतीला शेवटपर्यंत ताटकळायचं की राहुटीत पाय वर करून पडायचं, हे त्या दिवशीच्या पायांना विचारून ठरवा. एकदा तरी मात्र ती पाहाच. चोपदाराने हातातला दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात, आणि मग त्या शांततेत पुकारतात काय, तर कुणाची पिशवी सापडली आणि कुणाचा चष्मा हरवला. मला तो भाग फार आवडतो.

रांगेत चालणं झेपत नसेल तर पहाटे मोकळं निघावं. दिंडीतली निम्मी म्हातारी मंडळी तेच करतात. पालखी साधारण सहाच्या सुमाराला हलते. त्याआधी तास-दीड तास निघालं की रस्ता मोकळा, ऊन नाही, आपली चाल आपली. दुपारच्या विसाव्यापर्यंत निम्म्याहून जास्त टप्पा हातावेगळा होतो आणि मग झाडाखाली बसून मागून येणारी दिंडी बघता येते. झोपेची काळजी लोक उगाच करतात. दिंडीत तीनला उठवतात म्हणून तरुण पोरं कुरकुरतात. आपल्याला तीनला जाग येतेच, घरी तेव्हा नुसतं छताकडे बघत पडायचं असतं. खरी अडचण रात्री साडेबारा-एकला लघवीसाठी उठण्याची. शेजारी माणसं झोपलेली, बाहेर तंबूच्या ताणलेल्या दोऱ्या आणि ठोकलेल्या खुंट्या. वारीत पडून हात मोडतो तो रस्त्यावरच असं नाही, इथेही मोडतो. म्हणून डोक्याला लावायचा छोटा दिवा घ्या आणि पहिल्या रात्रीच दाराजवळची जागा मागून घ्या. वयाचा एवढा फायदा घ्यायला हरकत नसावी.

बायकांसाठी थोडं स्पष्ट लिहिते. वाटेत फिरती स्वच्छतागृहं आता पुष्कळ असतात, पूर्वीची स्थिती राहिलेली नाही. तरीही रांग, घाण आणि पाण्याची खात्री नसल्यामुळे बायका एक सोपा आणि वाईट उपाय करतात, पाणीच पीत नाहीत. उन्हात आठ तास चालायचं आणि पाणी टाळायचं, म्हणजे लघवीच्या जंतुसंसर्गाला आवतण. पन्नाशीनंतर तो धोका तसाही वाढलेला असतो. पाणी प्या. सैल सलवार किंवा गुडघ्याच्या खाली येईल असा परकर-साडीचा बेत करा, मोठा दुपट्टा ठेवा, आणि दोघी-तिघींनी मिळून जा. माझ्या दिंडीतल्या मराठवाड्याच्या एक मावशी डोक्यावर तुळस घेऊन चालायच्या आणि अशा वेळी ती तुळस बिनदिक्कत माझ्या डोक्यावर ठेवून ज्वारीच्या रानाकडे निघून जायच्या. "धरा माउली, आलेच," एवढंच. तुळस वाहण्याचा माझा सगळा अनुभव त्यांच्या पाण्याच्या बाटलीवर अवलंबून होता.

आता औषधं. आळंदीहून पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, नवमीला पुण्यात येते, दशमीला पुण्यात मुक्काम असतो आणि बहुतेक वर्षी एकादशीला पुणे-सासवड. हा सगळ्या वाटेतला सर्वांत लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातच दिवे घाट. म्हणजे ज्या दिवशी सर्वांत जास्त चालायचं, त्याच दिवशी उपास! मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने इथे देवापेक्षा डॉक्टरांना आधी विचारावं. इतकं चालल्यावर साखर तशीच खाली येते, त्यात गोळी नेहमीची आणि पोट रिकामं असलं की घाटात घाम फुटून हातपाय थरथरू लागतात, आणि बरोबरच्यांना वाटतं माउली भक्तीने गहिवरल्या. उलट बाजूने साबुदाण्याची खिचडी, बटाटा, राजगिऱ्याचे लाडू असं दिवसभर चरत राहिलं की साखर चढते. डोस कमी करायचा का, किती, उपास करायचा की नाही, हे निघण्याच्या महिनाभर आधी ठरलेलं असावं. खिशात ग्लुकोज किंवा साखर, आणि ती कुठे आहे हे शेजारी चालणाऱ्याला माहीत.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल, तर उन्हात घाम गाळताना ती तशीच चालू ठेवायची का, हेही विचारून घ्या. अंदाजाने बंद करू नका आणि अंदाजाने चालूही ठेवू नका. सगळी औषधं अंगावरच्या पिशवीत हवीत. बाकीचं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जातं, ट्रक पुढच्या मुक्कामाला आधी पोचतो आणि दिवसभर उन्हात तापतो. इन्सुलिन त्यात ठेवलं तर संपलंच. घामाबरोबर मीठही जातं, त्यामुळे नुसतं पाणी ढोसत राहणं पुरत नाही. जलसंजीवनीची पाकिटं ठेवावीत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे मिश्रणही विचारूनच घ्यावं.

पायांबद्दल लोक इतकं लिहितात, की मी थोडक्यात आटोपते. बूट नवे नकोत, आणि घ्यायचे तर संध्याकाळी, पाय फुगलेले असताना, अर्धा नंबर मोठे. पाय कुठे चुरचुरला की लगेच थांबून तिथे चिकटपट्टी लावावी, पुढच्या विसाव्याची वाट बघू नये. फोड आला तर वरची कातडी सोलू नये. जुने वारकरी फोडातून सुई-दोरा ओवून दोरा आत ठेवतात, पाणी झिरपून जातं म्हणून. मी तो प्रकार कुणालाच सुचवणार नाही आणि मधुमेह असणाऱ्यांना तर हात जोडून नको म्हणते. त्यांनी अनवाणी चालायचा नवसही बोलू नये. मधुमेहात बऱ्याचदा पायाची संवेदना कमी झालेली असते, खडा टोचला तरी कळत नाही, जखम रात्री मोजा काढल्यावर दिसते. रोज रात्री तळवे उजेडात बघा, दिसत नसतील तर दुसऱ्याकडून बघून घ्या. हे मी मावशींना सांगत होते तर त्या म्हणाल्या, "पायाकडं सारखं बघत बसू नये बाई. लई लाड केले की ते डोक्यावर बसतात." त्यांचे तळवे पाहिल्यावर मला वाद घालता आला नाही. पण त्यांचे तळवे साठ वर्षं शेतात तयार झालेत, आपले फ्लॅटच्या फरशीवर.

सरावाचं गणित साधं आहे. गुढीपाडव्याला सुरुवात करा, आषाढी यायला साधारण तीन महिने असतात. स्नायू महिन्या-दीड महिन्यात सुधारतात, त्यांना हाडाशी जोडणारे स्नायुबंध मात्र सावकाश तयार होतात, म्हणून अंतर हळूहळू वाढवायचं. एकाच रविवारी वीस किलोमीटर चालून फोटो टाकण्यात अर्थ नाही. शनिवारी दहा चालून रविवारी आंबलेल्या पायांनी पुन्हा दहा चालता येतात का, ते बघा. वारी म्हणजे रोजचा दुसरा दिवस आहे. सराव डांबरी रस्त्यावर करा, बागेतल्या मातीवर नको. पालखी मार्ग आता रुंद झाला आहे, पण बऱ्याच ठिकाणी जुन्या झाडांची सावली राहिलेली नाही. फलटणच्या पुढे माळशिरसकडे तर पाऊस रुसलेलाच मुलूख. पुण्यात छत्री घेऊन निघालेला माणूस नातेपुत्याला तीच छत्री उन्हासाठी उघडतो.

आणि सगळी वारी चालली पाहिजे असं कुणी सांगितलं? एक दिवस चाखून बघायचं म्हणून शहरातले हौशी लोक नेमका पुणे-सासवड टप्पा निवडतात, कारण तो सोयीचा आणि दिवे घाटातले फोटो प्रसिद्ध. साठीतल्या नवख्यासाठी याहून वाईट निवड नाही. त्यापेक्षा लोणंदला जा. लोणंद ते तरडगाव हा टप्पा दहा किलोमीटरच्या आतला, आणि वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण. माउलींचा अश्व दोन रांगांमधून दौडत जातो, त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावतात. कमी चालून वारीचा गाभा दिसतो. जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही गावं पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहेत. जमत नाही असं वाटलं तर या पट्ट्यात परत फिरणं सोपं. पहिल्या वर्षी एवढंच करावं, पुढच्या वर्षी फलटण, मग वाटलं तर सगळी.

दिंडीत नाव घालताना भिशी, म्हणजे खर्चाची वर्गणी, किती, जेवण काय, हे सगळे विचारतात. मी आणखी तीन गोष्टी विचारते. ट्रकमध्ये थकलेल्या माणसाला बसायला जागा ठेवता का, राहुटीत किती जण झोपतात, आणि दिंडीचा क्रमांक रथापुढचा की रथामागचा. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण क्रमांक दोन्हीकडे एकपासून सुरू होतात. गर्दीत चुकलेला म्हातारा पोलिसाला नुसता "सतरा नंबर" सांगत राहिला तर त्याला चुकीच्या बाजूच्या सतरा नंबरला नेऊन सोडतात. गळ्यात एक कार्ड अडकवा: नाव, दिंडी, रथापुढे की मागे, आजार, औषधं, घरचा फोन. मोबाइलवर भरवसा नको, इतक्या गर्दीत नेटवर्क गुदमरतं.

ट्रकमध्ये बसण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. अनेकांना, विशेषतः आयुष्यभर अधिकारपदावर राहिलेल्यांना, ते कमीपणाचं वाटतं. "पायीच करणार" असा हट्ट धरून ते सुजलेल्या गुडघ्याने लंगडत राहतात आणि शेवटी वेळापूरला दोन माणसांना त्यांच्यासाठी मागे थांबावं लागतं. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली, त्यातही प्रत्येकाने प्रत्येक पाऊल मोजून टाकावं असा नियम कुठे नाही. दिंडी चालते, आपण दिंडीत असतो. एखादा टप्पा गाडीत बसून पुढच्या मुक्कामी भाजी निवडायला बसलात तर तीही वारीच. पंगतीला बसलेल्या कुणी आजवर मला विचारलेलं नाही, की ही मेथी निवडणारी बाई चालत आली की बसून.

अशाच लोकांना आणखी एक गोष्ट जड जाते, ती म्हणजे घेणं. वाटेवरच्या गावांतली माणसं वारकऱ्यांचे पाय चेपतात, न्हावी फुकट दाढी करतात, चांभार चपला शिवून देतात, शाळकरी पोरं पाण्याचे ग्लास घेऊन उभी असतात. प्रत्येक गोष्टीचे पैसे मोजायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना दहावीतल्या मुलाने पाय हातात घेतल्यावर कुठे बघावं कळत नाही. मी पाकीट काढलं तेव्हा त्या मुलाचा चेहरा पडला. आता मी पाय पुढे करते आणि त्याच्या शाळेबद्दल विचारते.

वारीत मरणाचा विषय निघतोच. "वाटेत देह पडला तर सोनं झालं," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यातले काही जण छातीत दुखत असतानाही कुणाला सांगत नाहीत. हे मला पटत नाही. जाणाऱ्याचं सोनं होत असेल, मागे दिंडीप्रमुख रुग्णवाहिका, पोलीस, पंचनामा आणि घरी करायचा तो फोन यांत अडकतो, आणि शेजारी झोपणाऱ्या बाईला पुढे कितीतरी रात्री झोप लागत नाही. आजार लपवून वारीला येणं ही भक्ती नव्हे, ते दुसऱ्यावर टाकलेलं ओझं आहे. साठीनंतर निघण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्या, दिंडीप्रमुखाला खरं सांगा. जबडा, डावा हात किंवा छाती जड झाली, अवेळी दम लागला, तर तिथेच बसा आणि 108 ला फोन करायला सांगा. मार्गावर आरोग्य पथकं असतात, मदत लवकर मिळते. मागितली तर.

पंढरपुरात पोचल्यावर तरी दर्शनाच्या रांगेत उभं राहावं की नाही? तर नाही. आषाढीला पदस्पर्शाच्या रांगेत तासन् तास जातात आणि इतक्या दिवसांच्या चालण्याने न मोडलेला माणूस त्या रांगेत मोडतो. आमच्या दिंडीतली जुनी मंडळी चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीला माथा टेकवतात, कळसाला हात जोडतात आणि मठात परत येऊन जेवतात. विठ्ठलाला भेटायला ती नंतर कधीतरी, गर्दी नसताना, एसटीने येतात. मी तेच करते. एकादशीला संध्याकाळी परतीच्या गाडीसाठी धावू नका, बसस्थानकात रेटारेटी असते. जमलं तर पौर्णिमेच्या गोपाळपूरच्या काल्यापर्यंत राहावं. गावही तोवर सैल होतं, पायही.

घरी आल्यावर लोक जे अंथरूण धरतात ती चूक. निदान पंधरा दिवस रोज थोडं चालत राहा, नाहीतर सांधे आखडतात. खाणं दिंडीतल्या मापाने चालू ठेवलंत तर वजन वाढतं, तेही सांगून ठेवते. मधुमेहाच्या गोळ्या पुन्हा पूर्वीच्या डोसवर कधी आणायच्या, ते डॉक्टरांना भेटूनच ठरवा. अंगठ्याचं नख काळं पडलं असेल तर ते ओढून काढू नका, आपोआप गळतं. नवं पूर्ण यायला वर्ष, कधी दीड वर्षही लागतं. तेव्हा पुढच्या वारीसाठी बूट घ्यायला जाल, तेव्हा तोच पाय आधी घालून बघा.